जास्तीच्या चार बरण्या

तपासनिसाने फळीवरची एक बरणी उचलली, लेबलावरचा बॅचचा नंबर मोठ्याने वाचला आणि ती टेबलावर, सासऱ्यांच्या चष्म्यापाशी ठेवली.

“समजा, ही बॅच खराब निघाली,” तो म्हणाला. “काचेचा तुकडा गेला असेल, आणखी काही असेल. हिच्यासोबत भरलेल्या बाकीच्या बरण्या या घडीला कुठे आहेत, ते मला संध्याकाळपर्यंत सांगा. एकूण एक.”

सासरे खुर्चीतून उठले.

“खराब? आमचा जॅम?”

“समजा म्हणालेत ते, बाबा,” सून म्हणाली.

“समजा तरी का म्हणून समजायचं? उद्या कुणी म्हणेल, समजा तुमची बायको पळून गेली. घ्यायचं का आपण समजून?”

तपासनीस हसला नाही की चिडला नाही. त्याने पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली आणि दोन घोट प्यायला. ज्यांची तपासणी करायची त्यांच्याकडचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असा त्याचा नेम होता. सकाळपासून त्याने चहा नाकारला होता, बिस्कीट नाकारलं होतं, आणि तेवढ्यावरून माणूस कडू आहे असा निकाल सासऱ्यांनी देऊनही टाकला होता.

परीक्षा तशी सरळ होती. खाण्याची वस्तू बनवणाऱ्याला आपली वस्तू कुठे कुठे गेली ते ठाऊक पाहिजे, म्हणजे काही बिनसलंच तर ती कुणाच्या पोटात जायच्या आत परत आणता येते. आज नुसती त्याची रंगीत तालीम. पण या तालमीत उत्तीर्ण झालं तर प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असेल तरच गावोगाव दुकानं असलेली ती मोठी साखळी यांचा संत्र्याचा जॅम ठेवणार होती. नाहीतर मग आहेच, घरासमोरचं काउंटर, ओळखीची दोन दुकानं, आणि हौसेने घेतलेली वाफेची नवी कढई अर्धा आठवडा थंड.

हा सगळा खटाटोप सुनेचा. घराच्या मागच्या तीन खोल्यांना सासरे कारखाना म्हणत, ती युनिट म्हणायची, आणि सासूबाई मागची खोली म्हणत. प्रमाणपत्राचं मनावर घेतल्यापासून तिने त्या खोल्यांचा पार कायापालट केला होता. लाकडी कालथे गेले, खिडकीचे पडदे गेले, काचेचा दिवा गेला. मांजर गेलं, म्हणजे शेजारी राहायला गेलं आणि तिथे चांगलं गलेलठ्ठ झालं. आणि सासूबाई गेल्या.

खरं तर जॅम त्यांचाच. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या एका पातेल्यातून हे सगळं उभं राहिलं होतं. पण त्यांच्या बोटात लाल खड्याची अंगठी होती, आणि नियम असा की खडा असलेली अंगठी घालून कढईजवळ जायचं नाही. खडा निखळला तर जातो थेट जॅममध्ये. सुनेने एका सकाळी तसं सांगितलं. जमेल तितकं गोड बोलून सांगितलं. सासूबाईंनी ते बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं, ऍप्रन सोडून खुंटीला लावला आणि घरात गेल्या. तेव्हापासून त्या दाराशी मारलेल्या पिवळ्या रेघेपर्यंत येत, चहाचा ट्रे देत, आणि परत जात. रेघेवर त्यांचा पाय कधी पडला नाही. सुनेने नियम केला होता आणि तो सगळ्यांत काटेकोर पाळत होत्या त्या सासूबाई. हे सुनेला फार लागायचं, पण बोलणार काय?

“बाबा, बरण्या आणायच्या नाहीत हं,” ती आता म्हणाली. “नुसतं कुठे आहेत तेवढं सांगायचंय.”

पण खुर्ची रिकामी होती. बाहेर स्कूटर खोकली, दोनदा खोकली, आणि निघाली. सुनेने फोन लावला. तो टेबलावरच वाजला, चष्म्याशेजारी.

“चष्मापण नाही नेला,” बरण्या भरणाऱ्या मावशी म्हणाल्या. “नंबर कसे वाचणार ते?”

“वाचणार नाहीत,” सून म्हणाली. “विचारणार.”

ती कामाला लागली. एकशे वीस बरण्यांची बॅच. निम्म्याहून जास्त गोदामात होत्या. त्या मावशींनी मोजल्या, मग तिने मोजल्या, मग उगाच पुन्हा मावशींनी मोजल्या. दोन दुकानांना फोन झाले. व्हॅन घेऊन बाहेरगावी गेलेल्या नवऱ्याने व्हॅनच्या मागच्या खोक्यात डोकं घालून आकडा सांगितला, आणि “घाबरू नको गं” असं म्हणून तिला आणखी घाबरवलं. एक खोकं घरच्या वापराला नेलं होतं. ते संपलं होतं, तशी नोंद होती. राहिल्या काउंटरवरून गेलेल्या. त्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर तिच्याकडे होते. म्हणजे सगळं जागच्या जागी होतं. तिच्या जिवात जीव येऊ लागला, आणि तेवढ्यात स्कूटर परत आली.

सासऱ्यांनी पायाने दार ढकललं. हातात खोकं, कपाळावर घाम, चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचा आनंद.

“घ्या,” ते म्हणाले.

खोक्यात बरण्या होत्या. अर्ध्या खाल्लेल्या, पाव खाल्लेल्या, एकीत तर चमचा तसाच उभा. एका बरणीच्या तोंडाला पावाचा चुरा लागलेला. एक अगदी रिकामी.

“ही न्हाव्याकडची,” ती रिकामी बरणी वर धरून सासरे सांगू लागले. “देईना. म्हणाला, खराब आहे तर आहे, मी सहा दिवस खातोय आणि ठणठणीत आहे. मी म्हटलं, अरे, खराब नाहीये, समजायचंय नुसतं. मग म्हणाला, थांबा. माझ्यासमोर बोटाने पुसून खाल्ला सगळा, आणि मग दिली.”

“बाबा,” सुनेने कपाळाला हात लावला, “लोकांच्या ताटातून आणल्यात तुम्ही?”

“ताटातून कुठे? डॉक्टरीणबाईंनी फ्रीजमधून काढून दिली. हेडमास्तरीण तेवढी नाश्त्याला बसली होती.”

तपासनीस खुर्चीतून उठला. तो खोक्यावर वाकला आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “मी आजवर नुसते आकडे बघत आलो. बरण्या कुणी आणल्या नव्हत्या.”

हा गौरव आहे असं सासऱ्यांनी ठरवलं. ते आरामात बसले, आणि कोरा चहा मागवला. जॅमच्या कारखान्याचा मालक, आणि डॉक्टरांनी साखर बंद केलेली. कोरा चहा पिताना ते असा चेहरा करत की समोरच्याला दया यावी.

सासूबाई ट्रे घेऊन आल्या आणि रेघेशी थांबल्या. मावशींनी जाऊन ट्रे घेतला.

“हा जॅम पहिल्यांदा कोणी केला?” तपासनिसाने विचारलं.

“हिने,” सासऱ्यांनी मान दाराकडे वळवली. “ही सगळी हिची करणी. आता येत नाही आत. का येत नाही, विचारा.”

“का?” त्याने विचारलं.

“अहो, जाऊ द्या,” सासूबाई म्हणाल्या.

“लग्नात मी अंगठी घातली होती. ही पोरगी म्हणाली, काढा. हिने काय करावं? कारखाना सोडला, पण अंगठी सोडली नाही.” सासऱ्यांनी छाती फुगवली. “आजकाल कुठे बघायला मिळतं?”

न्हाव्याला, डॉक्टरीणबाईंना, दूधवाल्याला, जो सापडेल त्याला त्यांनी हे ऐकवलं होतं. सुनेने मान खाली घालून बरणीची झाकणं पुसायला घेतली. सासूबाईंनी हात पदराखाली घेतले आणि त्या घरात गेल्या.

“अजून दोन गल्ल्या राहिल्यात,” म्हणत सासरे पुन्हा निघाले. या वेळी सुनेने चष्मा त्यांच्या खिशात कोंबला, पण तो त्यांनी डोळ्यांवर चढवला नसणार, कारण परत आले तेव्हा तो खिशातच होता आणि खोकं पहिल्यापेक्षा जड होतं.

सगळ्यांनी मिळून मोजायला घेतलं. गोदाम, दुकानं, व्हॅन, घरी संपलेलं खोकं, टेबलावरच्या. सुनेने बेरीज केली, खोडली, पुन्हा केली. मावशी तिच्या खांद्यावरून बघत होत्या.

“किती?” तपासनीस म्हणाला.

“एकशे चोवीस.”

“भरल्या होत्या किती?”

“एकशे वीस.”

नव्या कढईतून एक बुडबुडा फुटल्याचा आवाज आला.

“कमी भरतात, ते मी पुष्कळदा बघितलंय,” तपासनीस सावकाश म्हणाला. “जास्त आजच बघतोय.”

“बरकत आहे,” सासरे म्हणाले.

जास्तीच्या बरण्या म्हणजे कमी बरण्यांहून वाईट. आपलं लेबल लावून कुणीतरी दुसरंच काही विकतंय, किंवा आपल्याच मोजणीत भोंगळपणा आहे; दोन्हींत प्रमाणपत्र गेलंच. तपासनिसाचा फोन वाजला आणि तो बोलायला अंगणात गेला. तिने दुसऱ्या खोक्यातल्या बरण्या एकेक उजेडात धरल्या. लेबल तेच, नंबर तोच. चार बरण्या जवळजवळ भरलेल्या, अजून न उघडल्यासारख्या. तिने एकीचं झाकण फिरवलं. नव्या बरणीचं झाकण पहिल्यांदा उघडताना टक् असा आवाज होतो. इथे काहीच झालं नाही. नुसतं सैल फिरलं. मग तिला साली दिसल्या. यंत्राने कापलेल्या साली चौकोनी, ठोकळ्यासारख्या असतात. या लांब होत्या, केसासारख्या बारीक, आणि प्रत्येक वेगळी.

इतक्या बारीक साली एकच हात कापत असे. ती या घरात आली त्या पहिल्या वर्षी त्या हाताशेजारी बसून तिने शिकायचा प्रयत्न केला होता, आणि स्वतःचं बोट कापून घेतलं होतं.

झालं होतं ते असं. घरच्या वापराचं खोकं संपलं, तशा रिकाम्या बरण्या सासूबाईंनी धुतल्या. लेबल निघालं नाही. निघणार कसं, पाण्यात भिजलं तरी हलायचं नाही असं लेबल सुनेनेच हट्टाने निवडलं होतं. मग त्यांनी आपल्या पातेल्यात जॅम केला, त्या बरण्यांत भरला आणि शेजारीपाजारी वाटला. आज सासरे दारोदार गेले तेव्हा लोकांनी त्या नंबराची जी बरणी घरात होती ती आणून दिली. म्हणजे घरी संपल्या म्हणून धरलेल्यातल्या चार बरण्या भरून परत आल्या होत्या, आणि दोनदा मोजल्या गेल्या होत्या.

सासऱ्यांनाही आता चष्मा लावावासा वाटला होता. त्यांनी एक बरणी उजेडात धरली आणि खाली ठेवली.

“सूनबाई,” ते हळूच म्हणाले, “मोजताना आपलं चुकलं म्हण. चार बरण्या काय, मी पायाखाली घेतो. तो फोनवर आहे अजून.”

मावशी खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांना काही दिसलं नव्हतं, हे दाखवायला.

सुनेने बरण्यांकडे बघितलं. चारच होत्या. टेबलाखाली सहज मावल्या असत्या, आणि मग एकशे वीस झाल्या असत्या, आणि पुढच्या महिन्यापासून कढई रोज तापली असती. पण तिच्या हातात ते सैल झाकण होतं. वापरलेलं झाकण पुन्हा हवाबंद बसत नाही. उद्या यातली एखादी बरणी महिनाभर उभी राहिली, बुरशी धरली, आणि कुणाच्या घरी मूल आजारी पडलं, तर त्या बरणीवर नंबर यांचा होता. आणि मुळात नंबर कशासाठी असतो?

“नको, बाबा,” ती म्हणाली.

तपासनीस आत आला. तिने चारही बरण्या त्याच्यासमोर ओळीने मांडल्या आणि झालं होतं ते सरळ सांगून टाकलं. फक्त भरल्या कोणी, ते सांगताना “घरच्या कुणीतरी” म्हणाली.

“कुणीतरी नाही, मी,” दारातून आवाज आला. सासूबाई रेघेशी उभ्या होत्या, कप न्यायला आलेल्या. “झाकण पुन्हा वापरायचं नसतं हे मला ठाऊक होतं. ही रोज कानीकपाळी ओरडत असते. पण हात स्वस्थ बसेनात. तिला काही म्हणू नका, तिला माहीत नव्हतं.”

तपासनिसाने एक बरणी उचलली. नेम मोडला नाही त्याने. चमचा लावला नाही. पण बरणी नाकाजवळ धरली, आणि जरा जास्तच वेळ धरली.

“चूक आहे,” तो म्हणाला. “लिहावी लागेल.”

सुनेने मान हलवली.

“पण शोधली तुम्ही. मी शोधली नाही. तेही लिहावं लागेल.” त्याने पेनाचं टोपण लावलं. “प्रमाणपत्र रद्द होत नाही, थांबतं. महिन्याभरात मी पुन्हा येईन. तोवर एक तर घरचा जॅम या बरण्यांत बाहेर जाणं बंद, नाहीतर करणाऱ्या बाईंना आत घ्या आणि इथे करू द्या, सगळे नियम पाळून. मला विचाराल तर…” त्याने बरणी खाली ठेवली. “मला विचारायचं नसतं. मी सल्ला देत नाही.”

“ती अंगठी काढणार नाही,” सासरे म्हणाले.

“ते तुमचं तुम्ही बघा.”

निघताना तो काउंटरपाशी घुटमळला. “हा बारीक सालींचा विकत कुठे मिळतो?”

“अजून कुठेच नाही,” सून म्हणाली. “तुम्ही पुन्हा याल तेव्हा मिळेल बहुतेक.”

या उत्तरावर तो पहिल्यांदा हसला, आणि मग लक्षात आल्यासारखं तोंड मिटून गेला.

सासरे लगेच स्कूटरवर बसले. लोकांच्या बरण्या न्यायच्या होत्या; तशाच उष्ट्या नाही, सुनेने त्यांना बदली नव्या बांधून दिल्या होत्या. “न्हाव्याला पण नवी?” एवढं मात्र त्यांनी दोनदा विचारलं. मावशी गोदाम आवरायला गेल्या. खोलीत सून उरली आणि रेघेपलीकडे सासूबाई.

सासूबाई रेघ न ओलांडता, कमरेतून वाकून, टेबलावरचे कप गोळा करत होत्या. त्यांचा डावा हात सुनेच्या डोळ्यांसमोरून गेला. तिने तो धरला. रोज सकाळी कामाला येणाऱ्या प्रत्येकाचा हात ती असाच धरायची, उलटा, सुलटा, नखं, बोटं. हा एक हात मात्र तिने धरला नव्हता.

बोटं मोकळी होती. अंगठीच्या जागी वळसुद्धा नव्हता.

“आई, अंगठी?”

“काढली.”

“आत्ता?”

“आत्ता काढली असती तर खूण नसती राहिली?” सासूबाईंनी हात सोडवून घेतला नाही. “तू सांगितलंस ना, त्याच आठवड्यात काढली. साबण लावला, निघाली. फार काही नाही झालं.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस कुठे? रोज यायचे मी इथवर. ऍप्रन खुंटीवर असायचा, बघायचे. वाटायचं, आज म्हणशील, या आत. तू आपली धावपळीत. मग म्हटलं, तिचं तिला बरं चाललंय, आपण मधे कशाला लुडबुड करा.”

“मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलात.”

“रागावले होते की. चार दिवस. चांगलीच रागावले होते. मग राग गेला, पण तोवर तू स्वयंपाकघरात यायचंच सोडलंस.”

सुनेला फार वाईट वाटलं. आणि त्याच्या पाठोपाठ इतका आनंद झाला की ती तो लपवू शकेना. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, अशी तिची गत झाली. सासूबाईंनी ट्रे खाली ठेवला आणि पदराने तिचं नाक पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं.

“आणि बाबांना?” ती जरा सावरल्यावर म्हणाली. “ते तर गावभर सांगत फिरतात.”

“त्यांना माहीत नाही.” सासूबाईंनी आवाज खाली आणला. “माझ्या हाताकडे बघतोय कोण? आणि इतकं मिरवतात गं, की सांगायला जीव होत नाही. साखरेच्या डब्यात ठेवलीये. डॉक्टरांनी बंद केल्यापासून त्या डब्याकडे फिरकत नाहीत, त्यामुळे काळजी नाही.”

“मग आता? आत यायचं तर…”

“उद्या सकाळी घालते. आणि त्यांच्यासमोर काढते. रीतसर.”

“पटकन काढू नका हं.”

“पटकन कशी निघेल? लग्नातली आहे. थोडी ओढाताण झाली पाहिजे.”

“मी म्हणते, राहू द्या आई, नका काढू.”

“तू तसं म्हण, आणि मी म्हणते, नाही, घरासाठी काढते. आणि एक उसासा टाकते.” सासूबाईंनी तिथेच एक उसासा टाकून दाखवला. तो इतका लांबला की दोघींना हसू आवरेना, आणि गोदामातून मावशींनी डोकं बाहेर काढलं.

सकाळी अंगणातल्या नळापाशी सगळे जमले. घराचं मागचं दार आणि कारखान्याचं दार यांच्या मधोमध तो नळ होता. आत जाणारा प्रत्येक जण तिथे हात धुऊन जायचा. सासूबाईंच्या बोटात अंगठी होती, लाल खडा उन्हात चमकत होता. सुनेच्या हातात खुंटीवरून काढलेला ऍप्रन आणि डोक्यावर घालायची नवी जाळी.

“राहू द्या, आई,” सून ठरल्याप्रमाणे म्हणाली. “नका काढू.”

“नाही. घरासाठी काढते,” सासूबाई म्हणाल्या. उसासा टाकायला त्यांनी छाती भरून घेतली.

“थांब,” सासरे म्हणाले. “मी घातली, मीच काढतो.”

हे ठरलेलं नव्हतं. सासूबाईंनी भरलेला श्वास तसाच आत राहिला. सासऱ्यांनी चष्मा चढवला, बायकोचा हात हातात घेतला आणि अंगठी डोळ्यांजवळ नेऊन नीट न्याहाळली. खड्याच्या कोंदणावर त्यांनी हळूच एक फुंकर घातली. मग साबण घेतला आणि फार हळुवारपणे तिच्या बोटाला लावला.

“दुखतंय का?”

“दुखतंय हो,” सासूबाई म्हणाल्या. सुनेने ओठ दाताखाली धरला.

“सावकाश काढतो.”

अंगठी एका फिरकीत निघाली. सासऱ्यांनी त्यावर एक शब्द काढला नाही. त्यांनी ती नळाखाली धुतली, सदऱ्याला पुसली आणि म्हणाले, “मी ठेवून येतो.”

सासूबाईंनी सुनेकडे बघून डोळे मिटले, सुटलो एकदाच्या, अशा अर्थाने. सुनेने ऍप्रनचा बंद त्यांच्या मानेमागे बांधायला घेतला.

“ती जाळी घालून मी बावळट दिसेन.”

“सगळेच दिसतो, आई.”

घराचं दार उघडं होतं. अंगणातून स्वयंपाकघर आरपार दिसत होतं. सासरे खोलीतल्या कपाटाकडे गेले नाहीत. ते ओट्यापाशी थांबले, स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर चढले. वरच्या फळीवर पिठाच्या मोठ्या डब्यामागे त्यांनी हात घातला. शोधलं नाही, चाचपलं नाही, हात नेमका गेला. साखरेचा डबा पुढे आला. झाकण उघडलं, अंगठी आत ठेवली, साखर वरून थोडी सारखी केली, झाकण लावलं. मग नेहमीच्या सवयीने, इकडेतिकडे बघून, बोट चाटलं.

सुनेचे हात बंदाच्या गाठीवर थांबले होते. तिच्या पुढ्यातले सासूबाईंचे खांदे आधी ताठ झाले, मग हलू लागले. हसतायत की काय होतंय, मागून कळेना.

सासरे स्टुलावरून उतरले, चष्मा खिशात ठेवला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने अंगणात आले.

सासूबाईंनी जाळी कानांवर ओढून घेतली. हात धुतले, नखांपासून मनगटापर्यंत, अगदी नियमात लिहिलंय तसे. मग त्यांनी पिवळी रेघ ओलांडली आणि आत गेल्यावर मागे न बघता म्हणाल्या,

“अहो, तुम्हाला पण आत यायचं असेल तर हात धुऊन या. साबणाने.”